विश्लेषण : लॅपटॉप एकाचा, डोंगल दुसऱ्याची, दिवे तिसऱ्याचे... रंगमंचावरचा प्रकाश नेमका अडतो कुठे?

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, विद्यापीठाचा युवा महोत्सव, शाळांची गॅदरिंग, नवरात्रातला गरबा, लग्नाच्या लॉनवरचा संगीत सोहळा. वऱ्हाडात वर्षभर कुठे ना कुठे रंगमंचावर दिवे लागत असतात. हे दिवे चालवणाऱ्याच्या पुढ्यात पूर्वी डिमरचा बोर्ड असायचा, आता अनेकदा लॅपटॉप असतो. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून फुकट उतरवलेले, यूएसबीची डोंगल ऑनलाइन मागवलेली आणि दिवे भाड्याने आणलेले. एकाही वस्तूचा दुसरीशी कंपनी म्हणून संबंध नाही. त्यामुळे या धंद्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच : दुसऱ्या कंपनीची डोंगल चालते काय भाऊ? याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सरळ नाही. ते का, हे समजून घेऊ.

प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

समजा, अकोल्याच्या एका हौशी नाट्यसंस्थेने महिनाभर तालीम करून नाटकाचे ऐंशी प्रकाशबदल, म्हणजे क्यू, घरच्या लॅपटॉपवर बसवले. सामान टेम्पोत टाकून मूर्तिजापूर, बडनेरामार्गे मंडळी अमरावतीत मोर्शी रोडवरच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात पोहोचली. स्पर्धेत एकामागून एक संघ असल्याने नेपथ्य लावणे, दिवे टांगणे आणि तपासणे यासाठी मोजकाच वेळ मिळतो. त्या वेळात लॅपटॉपने डोंगल ओळखली नाही, तर महिनाभराचे काम तिथेच थांबते. मग हाताने फेडर वरखाली करत प्रयोग काढायचा.

याहून वाईट म्हणजे सिग्नल प्रयोगाच्या मधोमध जाणे. सिग्नल तुटल्यावर काय करायचे, हे प्रत्येक दिव्यातल्या सेटिंगवर ठरते. काही दिवे शेवटच्या स्थितीत थांबतात, काही विझतात आणि स्वस्तातले अनेक दिवे आपोआप ‘ऑटो’ किंवा ‘साउंड’ मोडमध्ये जातात. म्हणजे रंगमंचावर मृत्यूचा प्रसंग सुरू आणि मागचे दिवे लाल, हिरवे, निळे होत नाचू लागलेले. परीक्षकांना किंवा प्रेक्षकांना त्यामागची यूएसबी दिसत नाही, दिसते ती नाटकाची फजिती.

दिवे कोणती भाषा बोलतात?

गंमत अशी की, दिव्यांच्या बाजूला हा प्रश्न जवळपास ४० वर्षांपूर्वीच सुटला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील रंगमंच तंत्रज्ञांच्या ‘यूएसआयटीटी’ या संस्थेने ‘डीएमएक्स५१२’ हे मानक ठरवले. त्याआधी प्रत्येक कंपनीचा डिमर आणि बोर्ड यांची भाषा वेगळी असे. २००४ मध्ये हे मानक सुधारित स्वरूपात अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाले. आज चीनमध्ये तयार झालेला एलईडी पार आणि युरोपातला महागडा मूव्हिंग हेड एकाच केबलवर सुखाने नांदतात ते यामुळेच.

भाषा अगदी साधी आहे. एका केबलवर ५१२ चॅनेल आणि प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ पैकी एक आकडा. दिव्याला पत्ता दिला की तो त्या पत्त्यापासून आपल्या वाट्याचे आकडे उचलतो. लाल किती, निळा किती, मान कुठे वळवायची, सगळे आकड्यांत. १६ चॅनेल घेणारे मूव्हिंग हेड असतील, तर एका केबलवर ३२ बसतात. हे आकडे सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने सतत पाठवले जातात. सगळे ५१२ चॅनेल भरून पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे ४४ फेऱ्या होतात.

मात्र ही वाहतूक एकतर्फी आहे. आकडा पोहोचला का, चुकीचा पोहोचला का, हे दिवा परत सांगत नाही. म्हणूनच आतषबाजीसारख्या धोक्याच्या गोष्टी निव्वळ डीएमएक्सच्या भरवशावर चालवू नयेत, असे मानले जाते. लग्नात वरमाला घालताना ठिणग्या उडवणारी यंत्रे सर्रास याच केबलवर लावली जातात, तेव्हा हे कुणाच्या लक्षात असते की नाही, हा वेगळा विषय.

मग अडते कुठे?

अडते ते लॅपटॉप आणि डीएमएक्सची केबल यांच्या मधल्या हातभर अंतरात. डीएमएक्स विजेच्या पातळीवर ‘आरएस-४८५’ या औद्योगिक पद्धतीने चालते. लॅपटॉपला ते भोक नसते, यूएसबी असते. त्यामुळे मध्ये दुभाषा लागतो. बाजारात त्या दुभाष्याला सरसकट ‘डोंगल’ म्हणतात. पण सारख्या दिसणाऱ्या या डब्यांमध्ये आतून दोन पूर्णपणे वेगळ्या जाती आहेत.

पहिली जात मुकी. एनटेक या कंपनीची ‘ओपन डीएमएक्स यूएसबी’ ही तिची प्रसिद्ध प्रतिनिधी. आत मुख्यतः यूएसबीचे साध्या सीरियल पोर्टमध्ये रूपांतर करणारी एफटीडीआय कंपनीची चिप असते. डोंगल स्वतः विचार करत नाही. प्रत्येक फेरीची सुरुवात कळवणारा ‘ब्रेक’, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा विराम, आणि त्यामागचे ५१२ आकडे हे सगळे लॅपटॉपलाच वेळेवर घडवून आणावे लागते. विंडोज मात्र अशा नेमक्या वेळेच्या कामासाठी बनलेले नाही. अँटिव्हायरसने तपासणी सुरू केली, मागे व्हिडिओ चालू झाला, की फेऱ्या मागेपुढे होतात आणि दिवे लुकलुकतात. एप्रिल-मेमध्ये लॉनवर संध्याकाळी तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हाही हेच होऊ शकते. अकोल्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना जनरेटरशेजारच्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपकडून फार अपेक्षा करता येत नाही.

दुसरी जात शहाणी. तिच्यात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. लॅपटॉप फक्त ‘हे घे आकडे’ म्हणतो; ब्रेक, वेळ, फेऱ्या हे डोंगल सांभाळते. एनटेकची ‘डीएमएक्स यूएसबी प्रो’ ही या जातीची. लॅपटॉप क्षणभर अडखळला, तरी ती शेवटचे आकडे पाठवत राहते. त्यामुळे मंचावर अंधार होत नाही, दिवे नाचतही नाहीत.

आता दुसऱ्या कंपनीचा मुद्दा. ‘प्रो’शी कसे बोलायचे, संदेश कोणत्या बाइटने सुरू करायचा आणि कोणत्याने संपवायचा, हे एनटेकने जाहीर केले. त्यामुळे डीएमएक्सकिंगसारख्या इतर उत्पादकांनी आपल्या डोंगल तीच बोली बोलतील अशा बनवल्या. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘एनटेक प्रो’ निवडले आणि जोडली दुसऱ्याच कंपनीची डोंगल, तरी दिवे चालू शकतात. सॉफ्टवेअरला डबीवरचे नाव दिसत नाही, फक्त तिची बोली समजते.

हीच डोंगल एका लॅपटॉपवर चालते, दुसऱ्यावर नाही. असे का?

याचे कारण बहुतेक वेळा ड्रायव्हर. एफटीडीआयच्या चिपसाठी दोन प्रकारचे ड्रायव्हर आहेत. एक तिला साधा ‘कॉम पोर्ट’ म्हणून दाखवतो, दुसरा सॉफ्टवेअरला थेट चिपशी बोलू देतो. काही सॉफ्टवेअर पहिला मागतात, काही दुसरा. विंडोजवर दोन्ही एकत्र बसतात. मॅक आणि लिनक्सवर मात्र ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वतःचा ड्रायव्हर आधीच डोंगल ताब्यात घेऊन बसलेला असू शकतो. मग डोंगल जोडलेली दिसते, सॉफ्टवेअरला मात्र सापडत नाही.

दुसरे कारण जास्त त्रासाचे. स्वस्त डब्यांत एफटीडीआयऐवजी ‘सीएच३४०’ ही चिनी चिप असते. ती वाईट नाही. पण थेट एफटीडीआय शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दिसणारच नाही. आणि तिसरा प्रकार म्हणजे एफटीडीआयची नक्कल. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक थेट शून्य करून टाकला. जगभरात ज्यांना आपल्या उपकरणात नकली चिप आहे हे माहीतही नव्हते, त्यांची उपकरणे संगणकांना ओळखू येईनाशी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. पण २०१६ च्या सुमारास आलेल्या पुढच्या ड्रायव्हरने वेगळी युक्ती केली : नकली चिप दिसली, की खऱ्या माहितीऐवजी ‘हे उपकरण अस्सल नाही’ अशा अर्थाचा मजकूर पाठवायचा. डीएमएक्सच्या केबलवर असा मजकूर गेला, तर दिव्यांसाठी तेही आकडेच.

चिपच्या कंपनीचा राग समजण्यासारखा आहे. पण दोन-तीन हजारांची डबी घेणाऱ्या गावाकडच्या लाइटवाल्याला आत डोकावून चिप अस्सल की नक्कल हे कळण्याचा काहीही मार्ग नसतो. भुर्दंड मात्र त्यालाच. म्हणूनच जुने ऑपरेटर कार्यक्रमाच्या लॅपटॉपला इंटरनेटच लावत नाहीत, अपडेट सीझन संपल्यावर करतात. सुरक्षेच्या दृष्टीने हा सल्ला कुणी देणार नाही. कामाच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येत नाही.

सॉफ्टवेअर फुकट, मग कुलूप कशाला?

इथपर्यंतच्या अडचणी तांत्रिक होत्या. पुढची जाणूनबुजून ठेवलेली आहे. मोठ्या कन्सोल कंपन्या आपले सॉफ्टवेअर पीसीसाठी फुकट देतात. शिकणाऱ्यांनी त्यावर हात बसवावा आणि पुढे आपलाच कन्सोल भाड्याने मागावा, हा हिशेब. जर्मनीच्या एमए लायटिंगचे ‘ग्रँडएमए३ ऑनपीसी’ कुणालाही उतरवता येते, त्यावर अख्खा शो पडद्यावर बसवता येतो. पण खरे दिवे चालवायचे तर चॅनेलची संख्या खुली करणारे त्याच कंपनीचे हार्डवेअर जोडावे लागते. दुसऱ्या कंपनीची डोंगल कितीही चांगली असली, तरी ते कुलूप तिला उघडता येत नाही. ब्रिटनच्या चॅमसिसचे ‘मॅजिकक्यू’ थोडे सैल आहे. ते नेटवर्कवरून दिवे फुकटात चालवू देते; मात्र काही सुविधा कंपनीचे हार्डवेअर जोडल्यावरच खुल्या होतात.

दुसऱ्या टोकाला ‘क्यूएलसी प्लस’ आहे. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स आणि अगदी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालते. ते अनेक कंपन्यांच्या डोंगल ओळखते आणि कुलूप कुठेच नाही. मोठ्या कन्सोलची सफाई त्यात नाही, हेही खरे. पण तालुक्याच्या नाट्यसंस्थेला ऐंशी क्यू एकामागून एक नीट पडणे एवढेच हवे असते आणि तेवढे ते चोख करते.

या दोहोंच्या मध्ये अशी सॉफ्टवेअर आहेत, जी फक्त स्वतःच्या कंपनीची डोंगल ओळखतात. त्यांच्या नकली डोंगल ‘सॉफ्टवेअरसह’ म्हणून विकल्या जातात. त्या सोबतच्या जुन्या आवृत्तीवर चालतात. अपडेट केले की ओळख नाकारली जाऊ शकते. लॅपटॉप बिघडून नवा घेतला आणि जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर बसली नाही, तर ती डबी कायमची खोक्यात.

नेटवर्कचा मार्ग जास्त भरवशाचा का?

यूएसबीच्या या साऱ्या भानगडीला वळसा घालणारा एक रस्ता आहे. १९९८ मध्ये ब्रिटनच्या आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीने डीएमएक्सचे आकडे संगणकाच्या साध्या नेटवर्क केबलवरून नेणारी ‘आर्ट-नेट’ पद्धत आणली आणि ती कुणालाही शुल्काशिवाय वापरू दिली. २००९ मध्ये ‘एसएसीएन’ हे अधिकृत मानकही आले. लॅपटॉपच्या लॅन पोर्टमधून केबल निघते, मंचाजवळच्या ‘नोड’ नावाच्या डबीत जाते आणि तिथून डीएमएक्स बाहेर पडते.

यात दुसऱ्या कंपनीचा प्रश्न जवळपास संपतो आणि त्याचे कारण मजेशीर आहे. सॉफ्टवेअर इथे हार्डवेअरशी बोलतच नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या नेटवर्कला पाकीट देते, बस. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल, तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर कोणत्याही कंपनीचा चालतो; मधला स्विच मोबाइल दुकानातला चालतो; नोड कुणाचाही चालतो. वेळ सांभाळण्याचे काम नोड करतो.

पण इथेही तीन गोष्टी नेहमी आडव्या येतात. पहिली, आयपी पत्ता. आर्ट-नेटची जुनी परंपरा २ किंवा १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची आहे. लॅपटॉप २.०.०.१ आणि नोड १९२.१६८ च्या घरात असेल, तर दोघांची भेट सहसा होत नाही. दुसरी, वायफाय. लॅपटॉपला वायफाय आणि लॅन दोन्ही असतील, तर सॉफ्टवेअर कधी कधी वायफायवरून आकडे पाठवत बसते. त्यामुळे कोणते अडॅप्टर वापरायचे, हे सेटिंगमध्ये सांगावे आणि वायफाय बंदच ठेवावे. तिसरी, विंडोजची फायरवॉल. ती पहिल्यांदा परवानगी विचारते, तेव्हा घाईत ‘कॅन्सल’ दाबले जाते आणि पुढे दोन तास केबल तपासण्यात जातात.

नोड यूएसबी डोंगलपेक्षा महाग पडतो. तरीही नवीन घेणाऱ्याने तोच घ्यावा, कारण उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी तो बदलावा लागत नाही. शिवाय लॅपटॉप प्रेक्षागृहाच्या मागे आणि दिवे मंचावर, हे अंतर नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत आरामात कापते. अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहासारख्या ठिकाणी मागच्या बाजूला बसून काम करायचे, तर यूएसबीची पाच मीटरची केबल कुठवर पुरणार?

बटणे आणि फेडर कुठून आणायचे?

माउसने नाटक चालवता येते, ऑर्केस्ट्रा नाही. गाण्याच्या ठेक्यावर हात पडायला बटणे लागतात. कन्सोल कंपन्यांची फेडर असलेली ‘विंग’ महाग असते, म्हणून लाइटवाल्यांनी संगीतकारांचे हार्डवेअर उचलले. अकाई कंपनीचे ‘एपीसी मिनी’ हे ६४ बटणे आणि ९ फेडरांचे यंत्र मुळात संगीताच्या सॉफ्टवेअरसाठी बनले. आज ते दिव्यांच्या टेबलावरही दिसते. हे शक्य होते, कारण ते १९८३ पासूनची ‘मिडी’ ही संगीताची सामायिक भाषा बोलते आणि बहुतेक प्रकाश सॉफ्टवेअरना मिडी समजते. मर्यादा एक : मिडीचा साधा फेडर ० ते १२७ च मोजतो, डीएमएक्स २५५ पर्यंत. अंधारातून अगदी हळू उजेड आणताना पायऱ्या जाणवल्या, तर त्याचे एक कारण हे असू शकते. तो बदल क्यूमध्ये वेळ घालून सॉफ्टवेअरकडून करवून घेतला की काम भागते.

‘शार्पी’ची फाइल कुणाची?

डोंगल ओळखली गेली, सिग्नल पोहोचला, तरी दिवा भलतीकडेच वळतो. याचे कारण दिव्याची फाइल. कोणत्या चॅनेलवर रंग, कोणत्यावर मान, हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते आणि सॉफ्टवेअरला ते फाइलमधून कळते. इटलीच्या क्ले पाकी कंपनीच्या ‘शार्पी’वरून आपल्याकडे बीम मारणाऱ्या सगळ्याच मूव्हिंग हेडना शार्पी म्हणतात. भाड्याने शार्पी आल्या म्हणून कुणी मूळ शार्पीची फाइल लावली, तर नाव न छापलेला तो चिनी दिवा ती कशी पाळणार? त्यावर उपाय म्हणजे दिव्याच्या मेनूत चॅनेल मोड पाहून फाइल हाताने बनवणे. या फायलींसाठीही एमए लायटिंग, रोबे आणि व्हेक्टरवर्क्स या कंपन्यांनी मिळून ‘जीडीटीएफ’ हे सामायिक स्वरूप आणले, २०२० मध्ये जर्मनीच्या मानक संस्थेने ते प्रसिद्ध केले. स्वस्त दिव्यांचे उत्पादक अशी फाइल देतीलच असे नाही.

घेण्याआधी काय तपासावे?

डोंगल ‘आयसोलेटेड’ आहे का, हे आधी विचारावे. जनरेटरवरच्या दिव्यांतून केबलमार्गे आलेला विजेचा झटका साध्या डोंगलमधून थेट लॅपटॉपच्या यूएसबीत जातो. वऱ्हाडातल्या मंडपांची अर्थिंग पाहता यावर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. केबलच्या शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर लावावा. माइकची केबल डीएमएक्सला जोडता येते, कारण बाजारात दोन्हीकडे तीच तीन पिनांची जोडणी चालते. मानकाला पाच पिना अपेक्षित आहेत, ते याच घोटाळ्यामुळे. आणि दुकानदाराला ‘कोणत्या सॉफ्टवेअरवर चालते’ असे विचारण्याऐवजी ‘कोणती बोली बोलते’ हे विचारावे : एनटेक प्रो, आर्ट-नेट, की फक्त स्वतःची.

शो फाइलचे काय?

हार्डवेअरची दारे बरीच उघडली, शो फाइलची नाही. क्यूएलसी प्लसमध्ये बसवलेले नाटक मॅजिकक्यू उघडत नाही, मॅजिकक्यूतले ग्रँडएमए उघडत नाही. सभागृहात दुसरा बोर्ड असेल आणि आपला लॅपटॉप बंद पडला, तर क्यू नव्याने भरावे लागतात. त्यामुळे अनुभवी प्रकाशयोजनाकार आजही क्यू शीट कागदावर लिहून नेतात : क्यूचा क्रमांक, कोणत्या वाक्यावर, कोणते दिवे, किती टक्के, किती सेकंदांत. ऐंशी क्यूंची अशी शीट साधारण तीन-चार पानांत मावते.